पोटरीचं माप

खुबा बदलून तेवीस दिवस झाले होते आणि टेलरबाई अजून जिन्याच्या वरच होत्या. खाली त्यांचं दुकान, वर घर आणि मधे सतरा पायऱ्या. तोंडात टाचण्या आणि हातावर कपड्यांची चळत घेऊन त्या या पायऱ्या दिवसातून दहादा चढायच्या-उतरायच्या, तेव्हा त्या सतरा आहेत हेही त्यांना माहीत नव्हतं. मोजल्या त्या पलंगावर पडल्यापडल्या, दुसऱ्यांच्या पावलांच्या आवाजावरून.

नियमांना तोटा नव्हता. कमरेतून खाली वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कुशीवर वळायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मधे उशी, जागेपणी उजवा पाय छातीपेक्षा उंच. खुर्चीला उंच उशी, कमोडला उंच बैठक, पलंगाखाली लाकडी ठोकळे.

"अख्खं घर उंच झालं गं," त्या सुनेला म्हणायच्या, "मी तेवढी खाली आले."

त्यातून ती सूज. मांडीपासून उतरत उतरत ती पोटरीत येऊन बसली होती, बिनभाड्याच्या पाहुण्यासारखी. घोटा तर दिसेनासाच झाला होता. दर तासाला पाऊल वर-खाली हलवायचं, दिवसातून चारदा बर्फाची पिशवी. सकाळी तो घट्ट मोजा चढवायला सून आणि नणंद दोघी लागायच्या. लहान खोळीत मोठी उशी कोंबावी, तसा प्रकार.

आणि हे सगळं चालू असताना खालून मशिनांचा आवाज यायचा. कुठलं मशिन तेलाविना कुरकुरतंय, कोण घाईत शिवण मारतंय, हे टेलरबाईंना वर बसून कळायचं. कात्री दोनदा चालून थांबली की यांचा जीव वर-खाली व्हायचा. म्हणजे बेतणारी घाबरली. मग त्या काठीने जमिनीवर ठोकायच्या. खाली सगळं गप्प व्हायचं आणि थोड्या वेळाने कोणीतरी वर येऊन विचारायचं, "बाई, काही हवंय का?" काय सांगणार? हवं होतं ते वर आणून देण्यासारखं नव्हतं.

जिना उतरायची परवानगी व्यायामबाईंच्या हातात होती. इस्पितळाकडून येणारी ही मुलगी चेहऱ्यावरून कॉलेजातली वाटायची, पण बोलणं अगदी हेडमास्तरांचं. तिने पहिल्याच दिवशी एक वही घालून दिली होती. रोज सकाळी दोन्ही पोटऱ्यांचं माप घ्यायचं, एकाच जागी, आणि लिहायचं. "दोन पायांत एक इंचाच्या वर फरक गेला, तर त्याच दिवशी मला फोन. रक्ताची गुठळी असू शकते. ती तिथून सुटून छातीत गेली तर गंमत नाही, आजी. आणि फरक इंचाच्या आत राहिला, तर गुरुवारी जिना."

"आजी तुझी घरी असेल," टेलरबाई म्हणाल्या होत्या. "मला बाई म्हण."

सुरुवातीला माप सून घ्यायची. ती एका कचेरीत हिशेबनीस, सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी चष्मा शोधणारी. तिने टेप धरलेला बघून नणंदेला राहवेना. ही टेलरबाईंची लग्न न केलेली धाकटी नणंद. तीस वर्षं वहिनीबरोबर दुकानात उभी राहिलेली. "सरक," ती म्हणाली. "माप घ्यायचं काम माझं. तू लिही." आणि काय चमत्कार! आदल्या दिवशी साडेचौदा असलेली उजवी पोटरी त्या दिवशी पावणेचौदा भरली. डावी होती तशीच, साडेतेरा. "आत्याच्या हाताला गुण आहे," सून म्हणाली. नणंदेने पदराने टेप पुसला आणि खिडकीबाहेर बघितलं. कौतुक झालं की ती नेहमी तसंच करायची.

त्याला आज सहा दिवस झाले. आज गुरुवार.

सकाळी टेलरबाईंना जाग आली ती पाय ओढल्यासारखा वाटला म्हणून. पोटरी आतून ताणलेली, जरा कोमटही. असेल, त्या मनाशी म्हणाल्या. काल जास्त वेळ बसले. नणंदेने टेप टाकला.

"डावी साडेतेरा," ती म्हणाली. मग उजवीकडे आली. टेप फिरला, थांबला. तिने नाकातून एक बारीकसा हुंकार दिला. "सव्वाचौदा."

"कालच्यापेक्षा अर्ध्याने वाढलं," सून लिहिता लिहिता म्हणाली. "पण इंचाच्या आत आहे. आई, आज जिना!" आणि डबा घेऊन ती कचेरीला गेलीसुद्धा.

टेलरबाई मात्र छताकडे बघत राहिल्या. तो हुंकार त्यांच्या ओळखीचा होता; सहा दिवस कानांवरून गेलेला, आज पोटरी ताणली म्हणून ऐकू आला.

त्याचं असं होतं. दुकान नवं असताना एक जाडजूड बाई ब्लाउज शिवायला आल्या. दुकानात चारजणी बसलेल्या. नणंदेने माप घेऊन खणखणीत आवाजात आकडा सांगितला, तशी मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्या बाई कापड उचलून गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून टेलरबाईंनी दुकानाचा कायदा केला: गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असेल तर तोंडाने एक इंच कमी सांगायचं. लिहिणारीने गुपचूप एक वाढवून लिहायचं. नणंद मोजायची, टेलरबाई लिहायच्या. तीस वर्षांत एक ब्लाउज तंग झाला नाही की एका बाईची मान खाली गेली नाही. आणि कमी सांगायच्या आधी नणंद नेहमी तसाच हुंकार द्यायची, म्हणजे लिहिणारी सावध व्हावी.

इथे लिहिणारी सून होती. आणि तिला दुकानाचा कायदा कुणी सांगितलेलाच नव्हता.

टेलरबाईंनी स्वतः पोटरीपर्यंत हात नेऊन पाहिला. गुडघ्याच्या अलीकडेच तो संपला. पुढे वाकावं तर नवा खुबा निखळायची भीती. स्वतःचाच पाय, दोन हातांवर पडलेला, आणि परक्या गावासारखा लांब. चहा आला, निवला. दुपारची जेवणंही उरकली. अखेर त्यांनी हाक मारली.

"वन्सं, सकाळचं माप किती होतं?"

"सांगितलं ना, सव्वाचौदा."

"दुकानातलं सव्वाचौदा, की घरातलं?"

नणंद भांडी विसळत होती. हातातला पेला तसाच राहिला. "म्हणजे काय, वहिनी? दुकानातलंच. मी नेहमीसारखं एक कमी सांगितलं. लिहिणारीने वाढवायचं असतं."

"तिला कोण सांगणार हे?"

"तिला माहीत नाही?" नणंद मटकन खुर्चीवर बसली. "अहो, सांगायला दोन शब्द तर लागतात. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल. सून तुमची!"

"आणि मापाला एवढी लाज कशाची? माझ्याच घरात?"

"तुम्ही रोज त्या पायाकडे बघून डोळे मिटून घेता, वहिनी. तोंडातून आपोआप कमीच येतं."

सव्वापंधरा आणि साडेतेरा. पावणेदोन इंच. सहा दिवस वही खोटं बोलत होती, आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती.

"फोन करते," नणंद उठली.

"थांबा." टेलरबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "व्यायामबाई चारला येणारच आहे. एकदा जिना उतरू दे. एकदा खाली जाऊन टेबलाला हात लावते, मग सांगू. नाहीतर पुन्हा इस्पितळ, पुन्हा ती खाट. मी गुदमरून मरेन हो इथे."

"आणि ती गुठळी सुटली तर?"

"तेवीस दिवस नाही सुटली, ती काय एका जिन्याने सुटणार?"

तीस वर्षांत नणंदेने वहिनीचा शब्द मोडला नव्हता. आत्ताही मोडला नाही. फक्त फोनजवळ जाऊन उभी राहिली, घड्याळाकडे बघत. तीन वाजायला आले होते. तो एक तास दोघींनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. टेलरबाई पाऊल वर-खाली हलवत होत्या, आणि दर वेळी पोटरीतून कळ येत होती. खालून मशिनं चालूच होती.

चारला व्यायामबाई आली. वही उघडली, बोट फिरवलं. "छान! फरक पाऊणच इंच. चला, बाई, जिना."

वॉकर भिंतीला लागला, काठी हातात आली. "खाली जाताना दुखरा पाय आधी, वर येताना चांगला पाय आधी. घोकून ठेवा." टेलरबाई वरच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. एका हाताखाली कठडा, बाजूला ती मुलगी. गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास वर येत होता. खाली दाराच्या फटीतून कापण्याच्या टेबलाचा एक कोपरा दिसत होता. त्यावर त्यांची कात्री भलतीकडे तोंड करून पडलेली. सतरा पायऱ्या. तेवीस दिवस याचीच वाट बघितली होती.

मागे नणंद उभी होती. तिचा श्वास असा येत होता, जणू जिना तीच उतरणार होती.

टेलरबाईंनी उजवा पाय उचलला. पाऊल हवेत होतं, आणि पोटरीतली कळ थेट मांडीपर्यंत गेली. त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"सव्वापंधरा आहे," त्या म्हणाल्या.

"काय सव्वापंधरा?"

"पाय. वहीत एक इंच कमी आहे. आमची चूक आहे. कशी झाली ते वन्सं सांगतील, मला आधी बसव."

व्यायामबाईने त्यांना बसवलं, मोजा उतरवला, स्वतः टेप टाकला. आकडा बघितल्यावर हेडमास्तरी आव गळून तिचा चेहरा एकदम लहान झाला. "सकाळपासून माहीत होतं?" एवढंच तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने फोन लावला.

अर्ध्या तासाने इस्पितळाचे दोघे चाकांची खुर्ची घेऊन आले. टेलरबाईंना तिच्यात बसवून छातीवरून, कमरेवरून पट्टे आवळले. हात मांडीवर ठेवायचे, मधे कठडा धरायचा नाही, असं बजावलं. आणि त्या जिना उतरल्या, एकही पायरी पायाला न लागता.

दुकानाच्या दाराशी शिवणाऱ्या दोघी धावत आल्या. "बाई आल्या!" एक ओरडली, आणि मग तिला पट्टे दिसले.

"जरा थांबा हो," टेलरबाई त्या दोघांना म्हणाल्या. "पाच मिनिटं. तेवढं टेबल..."

"थांबता येणार नाही," पुढचा म्हणाला. आवाज वाईट नव्हता, पण तो थांबलाही नाही. दार मागे गेलं.

इस्पितळाच्या गाडीच्या काचा दुधी होत्या. झोपल्या जागेवरून पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसेना. नणंद मागच्या अर्ध्या उघड्या दारापाशी बसली होती.

"वन्सं, काय दिसतंय?"

"दोघी दारातच उभ्या आहेत."

"मशिनं?"

"बंद आहेत, वहिनी."

"मग ओरडून सांगा ना, कामाला बसा म्हणावं!"

नणंद सांगायला वाकली. पण तेवढ्यात इस्पितळाच्या माणसाने बाहेरून दार लावलं.