उघडलंच आहे तर

मिस्त्रीचा धाकटा भाऊ सव्वीस वर्षं शहरात बस चालवत होता, आणि सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीचा काटा पन्नासच्या पुढे गेला नव्हता. जाणार कसा? बसच्या इंजिनालाच वेगाचं कुलूप घातलेलं. तरी डेपोत सगळे त्याला पायलट म्हणायचे, आणि तोही असा ऐटीत चालायचा, की आत्ताच विमान उभं करून आलाय.

मग डोळ्यांनी दगा दिला. आतल्या पडद्याचा आजार निघाला आणि बस त्याच दिवशी हातातून गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "घरची छोटी गाडी दिवसाउजेडी चालवा, मी अडवत नाही. पण तीन महिन्यांनी परत तपासू, तेव्हा मी बहुतेक नाहीच म्हणेन."

पायलट तिथून घरी गेलाच नाही. सरळ दादाच्या गॅरेजवर आला.

"दादा, मला स्पोर्ट्स कार घ्यायचीय."

मिस्त्री एका गाडीखाली उताणा पडला होता. तो खालूनच ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे. डोळे चाललेत."

मिस्त्री बाहेर आला आणि हात पुसत बसला. खूप वेळ पुसत बसला. मग त्याने विचारलं, "घरी विचारलंस?"

घरी विचारायची गरजच नव्हती. संध्याकाळी पायलटच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, घेऊ द्या त्यांना. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवलं. तीन महिने स्वतःसाठी चालवू देत. फक्त गाडी तुम्ही बघून द्या."

तुम्ही बघून द्या! तिथेच घात झाला म्हणा ना. कारण मिस्त्रीचं बघणं म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्याच्या वरताण. गरम इंजिन खोड लपवतं, म्हणून ते गरम असेल तर तो गाडीला हातच लावत नसे. आधी बॉनेटवर तळवा ठेवून थंड असल्याची खात्री करणार, मग चालू करायला सांगणार, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकणार. याला कारण होतं. उमेदीच्या काळात त्याने एकाला "चालेल अजून" म्हणून सांगितलं, ती गाडी पुलावर बंद पडली आणि मागून ट्रक आला. माणूस वाचला, पाय गेला. तेव्हापासून मिस्त्रीच्या तोंडून "चालेल अजून" कुणी ऐकलं नव्हतं.

गाडी सापडली ती एका दातांच्या डॉक्टरांची. लाल, दोनच सीटची, बारा वर्षं जुनी, आणि अशी देखणी की पायलटने तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. डॉक्टर प्रामाणिक. दात काढायच्या आधी सांगावं तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. या मॉडेलच्या इंजिनात मागच्या बाजूला एक बेअरिंग आहे, ते जगभर बदनाम आहे. शंभरातल्या सात-आठ गाड्यांत जातं. जाताना सांगून जात नाही, आणि गेलं की अख्खं इंजिन भंगारात. "मी त्या धास्तीनेच विकतोय," ते म्हणाले. "चालवताना सारखं कान देऊन बसतो. मजाच येत नाही."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आवाज स्वच्छ होता. अगदी स्वच्छ.

"घेऊया," तो म्हणाला, "पण रस्त्यावर उतरवायच्या आधी ते बेअरिंग मी बदलणार. आठ दिवसांचं काम."

"दादा, शंभरातल्या ब्याण्णव गाड्यांत जात नाही ना?"

"आणि तू आठातला निघालास तर? हायवेवर, त्या डोळ्यांनी?"

पायलटने किल्ली घेतली. दादाचं तो लहानपणापासून ऐकत आला होता. गाडी त्याने चालवली ती डॉक्टरांच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत, भर गर्दीच्या रस्त्याने, तीसच्या वेगाने.

बेअरिंग काढायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. तो उतरवला तर क्लच अर्धा झिजलेला दिसला. मिस्त्री म्हणाला, उघडलंच आहे तर क्लचही टाकू. क्लचच्या मागे तेलाचा सील किंचित ओलसर होता. उघडलंच आहे तर तोही. मग पाण्याचे पाइप कडक लागले. माल बाहेरून मागवायचा. एकदा उशिरा आला, एकदा चुकीच्या मापाचा आला, परत पाठवला. ज्यांनी हातात पाना धरलाय त्यांना हा रोग ठाऊक आहे. उघडलेली गाडी घाईने मिटवायची म्हणजे त्यांना पाप वाटतं.

पायलट रोज सकाळी यायचा. लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेल्या त्या बिनचाकी गाडीत जाऊन बसायचा आणि स्टिअरिंग धरून तोंडाने गिअर टाकायचा. "चौथा... पाचवा... अरे बाजूला हो, म्हाताऱ्या!" मिस्त्री हसायचा. मग एके दिवशी उतरताना पायलट जमिनीवरच्या जॅकला अडखळला. जॅक पिवळाधमक होता. आणखी काही दिवसांनी चहाचा कप त्याने टेबलाच्या कडेबाहेर ठेवला.

मिस्त्रीला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्या मनाने एक हिशेब धरला होता, आणि तो मिस्त्री लोकच धरू जाणतात. आपण गिऱ्हाइकाला सांगतो, "पट्टा तीन महिन्यांत बदला." पट्टा वर्षभर टिकतो हे आपल्याला माहीत असतं, हाताशी सवड असावी म्हणून कमी सांगायचं. डॉक्टरीणबाईही तसंच सांगत असणार. तीन म्हणजे सहा धरायला हरकत नाही. आता काय बोलावं या माणसाला!

"दादा, झाली का?" असं पायलटने पहिल्या महिन्यात रोज विचारलं. दुसऱ्यात अधूनमधून विचारलं. तिसऱ्यात विचारलंच नाही.

तीन महिने आणि चार दिवसांनी गाडी तयार झाली. मिस्त्रीने ती स्वतः धुतली, पुसली आणि फोन केला. पायलट आला तो बायकोच्या हाताला धरून. तो आधी गाडीपाशी गेला आणि पुढच्या दिव्यापासून मागच्यापर्यंत तिच्या अंगावरून हात फिरवत गेला.

"सगळं नवं केलंय," मिस्त्री म्हणाला. आवाजात अभिमान मावत नव्हता. "आता वीस वर्षं हिला मरण नाही. घे किल्ली."

पायलटने हात पुढे केला. तो किल्लीच्या वीतभर बाजूला, हवेतच मिटला.

मग त्याची बायको हळूच म्हणाली, "सोमवारी तपासणी झाली, भाऊजी. बाई नाही म्हणाल्या."

"मला सांगितलं का नाही?"

"तू इतका रंगला होतास," पायलट म्हणाला. "दादा, ते जुनं बेअरिंग कुठंय? बघू तरी कोण होता तो शत्रू."

मिस्त्रीने ते टेबलाच्या खणात फडक्यात बांधून ठेवलं होतं. आता देणं भाग होतं. त्याने ते भावाच्या तळहातावर ठेवलं. पायलटने बोटाने फिरवलं, कानाशी नेलं, परत फिरवलं. ते लोण्यासारखं फिरत होतं. ना खरखर, ना ढिलेपणा.

"हे तर ठणठणीत आहे रे."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"काढलं त्याच दिवशी. दहाव्या दिवशी." मिस्त्रीने खण लावून टाकला. "तेव्हाच जोडून द्यायला हवी होती. माझ्या हातून झालं नाही. चुकलो रे मी."

"मला वीस वर्षं कुठे हवी होती, दादा," पायलट म्हणाला. हे तो रागाने म्हणाला नाही; राग असता तर मिस्त्रीला सोसला असता. "तीन महिने पुरे होते."

मग त्यानेच दादाच्या खांद्यावर थाप मारली. "चल. तू चालव, मी शेजारी बसतो."

गावाबाहेरचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. काच खाली करून पायलटने तोंडावर वारा घेतला. मिस्त्री दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"पन्नास," पायलट म्हणाला. काटा त्याला दिसत नव्हता, पण हा वेग त्याच्या हाडात होता. "अरे, दाब की! आता कशाला भितोस? सगळं तर बदललंस."

मिस्त्रीने दाबलं. साठ, ऐंशी, शंभर. गाडी कुरकुरली नाही, थरथरली नाही, निव्वळ पळत राहिली. "अस्सं!" पायलट ओरडला आणि सीटवर हात आपटत लहान मुलासारखा हसला. ते हसू ऐकलं आणि मिस्त्रीला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. त्याने पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

पायलटने कान टवकारले. "काय झालं? बंद पडली?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "गाडी ठीक आहे."