सुटे भाग नव्हे, अख्खं हेलिकॉप्टर

मी हेलिकॉप्टर बोलतोय. ज्यात माणसं बसतात ते नव्हे; जमिनीवर उभं राहून, हातातल्या रिमोटनं उडवतात ते. पण म्हणून मला खेळण्यांच्या दुकानात शोधायला जाऊ नका. माझ्या पोटात खरंखुरं इंजिन आहे. ते नायट्रोचं जळजळीत इंधन पितं, निळसर धूर सोडतं, आणि माझी पाती फिरू लागली की जवळचा माणूस न सांगता मागं सरतो. एवढी बढाई मारू द्या मला. मध्यंतरी माझ्या शेपटीवर मोजे वाळत घालायचे, तेही दिवस मी काढलेत.

कारखान्यातून मी बाहेर पडलो तो खोक्यातल्या लहान लहान पुड्यांच्या रूपात. मला आकार दिला एका घड्याळजीनं. दुकान बंद झालं की तो डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि माझा एकेक स्क्रू असा बसवायचा, जणू एखाद्या राणीच्या मनगटावरचं घड्याळ दुरुस्त करतोय. बायको जेवायला हाका मारून दमायची. "आलो, आलो," म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

त्यानं मला उडवलं ते मात्र झोकात. गावाबाहेरच्या मैदानावर हौशी मंडळी जमायची. घड्याळजीचं हेलिकॉप्टर वर गेलं की बाकीचे आपापली यंत्रं खाली ठेवून बघत राहायचे. हवेत मी असा स्थिर उभा राहायचो की खालून वाटावं, कुणी खुंटीला टांगलंय.

मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपात, मग दुकानात, मग रिमोटवर. एका संध्याकाळी उतरताना माझी शेपूट गवतात घासली. फार काही मोडलं नाही, पण त्यानं मला पुसलं, घरी नेलं आणि कपाटावर ठेवून दिलं. टाकीतलं इंधन काढायचंही त्या दिवशी त्याच्या लक्षात राहिलं नाही. ते माझ्या आत सुकून चिकट झालं. मोज्यांचा कारभार तेव्हापासूनचा.

शेवटी त्यानं मला विकायचं ठरवलं. पहिला आला तो मैदानावरचाच एक मिशीवाला. त्यानं मला उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "काका, इंजिन चांगलं आहे, शेपूट स्थिर धरणारा गायरोही चालेल. बाकीच्याचं मला काय करायचंय? सुटं करून द्या."

माझं काळीज, म्हणजे ज्या जागी ते असायला हवं ती जागा, गारठली. घड्याळजीनं "बघतो" म्हटलं. तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी. पायांत जाडजूड बूट, केसांत सिमेंटची धूळ. इमारतींच्या बांधकामावर ती उंच क्रेन चालवायची. सरळ कामावरूनच आली होती.

"सुटं काय हवंय?" घड्याळजीनं विचारलं.

"सुटं नको. अख्खं द्या. उडवायचंय."

"आधी काय उडवलंयस?"

तिनं डब्याच्या पिशवीतून एक बॅटरीवरचं चिमुकलं हेलिकॉप्टर काढलं. त्याला इतक्या ठिकाणी चिकटपट्टी लावलेली होती की मूळचा रंग कोणता ते कळेना.

"किती वेळा पडलं?"

"मोजायचं केव्हाच सोडलं, काका. आधी घरात उडवायचे, मग गच्चीवर. आता हे हातात बसलंय. पण जरा वारा आला की पळून जातं. मला वाऱ्यात उभं राहणारं हवंय."

घड्याळजी खो खो हसला. कपाटावर ठेवल्यापासून त्याचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. "हे तुझ्या त्या पिल्लासारखं नाही हं, पोरी," तो म्हणाला. "ते तुझ्या चुका पोटात घालतं. हा घालणार नाही. हा बोट कापेल, मैदान भाजेल, घरभर वास करेल."

"माझ्या हाताखाली टनावारी लोखंड लोंबकळतं," ती म्हणाली. "यंत्राला घाबरावं किती आणि मानावं किती, ते मला कळतं."

मी अख्खा गेलो.

तिचा नवरा शिंपी. कापड कापायच्या त्याच्या लांबलचक टेबलावर तिनं मला ठेवलं तेव्हा तो दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "अगं, हे काय? वास तरी बघ! लग्नाच्या शेरवानीला हा वास लागला तर नवरामुलगा मंडपातून उठून जाईल."

"अहो, एक कोपरा द्या फक्त."

त्यानं कोपरा दिला. आठवडाभरात त्याचं टेबल गेलं आणि तो कोपऱ्यात गेला. कुरकुरत का होईना, माझ्या अंगावर घालायला त्यानं जाड कापडाची खोळ शिवली. आतून अस्तर लावलं! तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस आपल्या बाजूचा आहे.

इंजिन मात्र हलेना. इंधनातल्या सुकलेल्या तेलानं आतले भाग एकमेकांना धरून बसले होते. तिनं केस वाळवायच्या यंत्रानं मला शेक दिला, उघडलं, धुतलं, पुन्हा जोडलं. घड्याळजीला बोलावून घेतलं. त्याचे हात थरथरत होते, पण कान तसेच तल्लख होते. तो डोळे मिटून बसायचा आणि ती इंधनाची सुई जराजरा फिरवायची.

"अजून जास्त पितोय... अजून... आता थांब. ऐकलंस? आता गातोय."

मैदानावर पहिल्या दिवशी माझ्या पायांना आडव्या काठ्या बांधल्या होत्या, टोकांना चेंडू, म्हणजे कलंडलो तरी पडू नये. मी जमिनीपासून वीतभर उठलो. मी डुललो, सावरलो आणि उभा राहिलो. तिनं मला खाली ठेवलं आणि स्वतःच गवतात मटकन बसली. "क्रेनवर मी वर असते आणि काम खाली," ती हसत म्हणाली. "इथं सगळं उलटं आहे!"

आणि उलट्यानंच घात केला. माझं तोंड तिच्याकडे झालं की तिचं डावं ते माझं उजवं. एका रविवारी तिनं नेमकी हीच गफलत केली. मी तिच्याच दिशेनं झेपावलो. तिनं मला जमिनीवर आपटलं, पण स्वतःवर येऊ दिलं नाही. पाती फुटली, मधला दांडा वाकला.

मिशीवाला लगबगीनं आला. "ताई, मी म्हणालोच होतो काकांना. हे झेपायचं नाही तुम्हाला. आता तरी इंजिन द्या."

ती तुकडे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजिन शाबूत आहे, भाऊ. मीसुद्धा."

घरी मात्र तिनं तुकडे टेबलावर ओतले आणि दिवासुद्धा जवळ ओढला नाही. नवऱ्यानं दिवा तिच्याकडे वळवला आणि वाकडा दांडा उचलून बघितला. "माझीही सुई मोडते," तो म्हणाला. "म्हणून कुणी मशीन भंगारात देतं का? चल, कोणता स्क्रू धरू सांग."

नवी पाती आली. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या चिकटपट्टीवाल्या पिल्लाला ती स्वयंपाकघरात रोज स्वतःकडे तोंड करून उभं करायची, डावं-उजवं बोटांत मुरेपर्यंत. घड्याळजीनं आणखी एक गोष्ट तिच्याकडून घोटून घेतली: इंजिन मंद करून, फिरत्या पात्यांच्या जोरावर खाली उतरणं. "हे येईपर्यंत उंच जायचं नाही," त्यानं बजावलं.

आणि तो दिवस आला. मैदानावरची सगळी मंडळी जमलेली, घड्याळजी आणि तिचा नवराही आलेले, वारा चांगला अंगावर येणारा. मी वर गेलो, कित्येक वर्षांत गेलो नव्हतो इतका वर. मैदान रुमालाएवढं झालं. मी वळलो, झुकलो, वाऱ्यात छाती काढून उभा राहिलो.

तेवढ्यात माझ्या प्लगमधली तार तुटली आणि इंजिन बंद पडलं.

अचानक केवढी शांतता! खालून कुणीतरी ओरडलं, "गेलं!" मिशीवाल्यानं डोक्याला हात लावला.

तिनं माझी पाती लगेच उलट्या कोनात झुकवली. मी पडू लागलो, पण पडता पडता खालून येणारा वारा पात्यांत शिरला आणि ती फिरत राहिली. जमीन अंगावर धावून आली. तिनं घाई केली नाही. अजून थांबली. गवताची पाती वेगवेगळी दिसू लागली तेव्हा तिनं माझं नाक वर घेतलं आणि पात्यांत उरलेला सगळा जोर एकदम उचलण्यात घातला. मी हवेत क्षणभर रेंगाळलो आणि फूल ठेवावं तसा गवतावर टेकलो.

शिंप्यानं असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. त्यानंतर टाळ्यांचा कडकडाट थांबेना. घड्याळजी डोळे पुसत म्हणत होता, "हे मला कधी इतकं हळुवार जमलं नव्हतं. खरंच नव्हतं."

मला उचलून आणायला कोण धावलं असेल? मिशीवाला! दोन्ही हातांवर घेऊन आला, तिच्यासमोर जपून ठेवलं आणि मान खाजवत म्हणाला, "ताई, माझं तर दर वेळी आपटतं. हे... जरा शिकवाल का?"

"रविवारी या," ती म्हणाली. "आणि जुनी पाती घेऊन या. नवी फुकट जातील."

आता मी दर रविवारी उडतो. अंगावर ओरखडे आहेत, रंग उडालाय, सायलेन्सर काळा पडलाय. पण आवाज विचाराल तर खणखणीत. तुम्ही कधी मैदानावर आलात तर एवढंच सांगणं आहे: मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या आत येऊ नका, कान हवे तर झाका, पण डोळे मिटू नका. आणि मला निरोप द्या आता. तिनं प्लग तापवलाय, वारा समोरून आहे आणि आभाळ सगळं मोकळं आहे.