अक्काचा हुंकार

दुपारच्या निःशब्द उन्हात पारव्यानं घुमावं तसा खोल, ओलसर, सावकाश उमटणारा ‘हं’ म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. आमच्या भडगावच्या घरी हुंकाराशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हटलं, की ती गोष्ट त्यानं खरी मानली, असा आमचा रिवाज. अक्का तो आजही पाळते, अगदी टीव्हीवरच्या बातम्यांनासुद्धा!

तिची लेक अकाली गेली. मागे राहिलेल्या इवल्या नातीला, तन्वीला, आई आता परतणार नाही हे अक्कानं किती मायेनं, स्वतःचे कढ आतल्या आत जिरवत, किती संध्याकाळी समजावलं, ते देवपूरच्या तिच्या गच्चीवर बसून मी पाहिलं आहे. पोरीनं दाराकडे बघणं नुकतंच सोडलं होतं.

म्हणून तर आम्ही तिला एका कार्टूनच्या सिनेमाला नेलं. खारीच्या पिल्लाची आई पुरात वाहून जाते आणि ते एकटं जगायला शिकतं, एवढं शेजारणीकडून कळलं होतं. पिल्लाचं हुंदके गिळणं, रिकाम्या ढोलीत सांडलेलं कोवळं ऊन, सारं इतकं खरं, की अंधारात अक्काचा हुंकार सुरू झाला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली; पण ही बाई कुठली थांबते!

आणि शेवटाला आक्रीतच झालं. चांदण्यात एक फूल उमललं, गाणं सुरू झालं, आणि आई धडधाकट परत! अक्काचा ‘हं’ ओठांतच विझला. माझं तर डोकंच फिरलं. अरे मेल्यांनो, एवढं रडवलंत ते काय अशी थट्टा करायला? शुद्ध दगा! तन्वी मात्र टाळ्या पिटत होती.

रिक्षा पांझरेच्या पुलावर आली तेव्हा ती म्हणाली, “आजी, मग माझी आई कधी येणार? तूपण हं म्हणत होतीस ना?”

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी शहरात दडवलेली गावाकडची बोली तिच्या तोंडून निसटली. “ते बठ्ठं खोटं शे, बाय.” मग ती स्वच्छ म्हणाली, “सगळं खोटं आहे. तुझी आई येणार नाही.”

तन्वी तिच्या मांडीवरून उतरली आणि मला येऊन बिलगली.

गेलेलं माणूस एकदाच जातं, अशी माझी समजूत होती. त्या सायंकाळी तन्वीची आई दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला, पोरीच्या लेखी, तिला अक्कानं नेलं.