पहिल्या पानावरचं नाव

देवचंदचा लेख दिल्लीच्या इंग्रजी मासिकानं परत पाठवला, आणि कारण काय, तर म्हणे मांडणी आमच्या नियमांप्रमाणे नाही! संशोधनाला नावं ठेवायला जागा नव्हती. काळ्या मातीत पुरलेले पाण्याचे पाइप उन्हाळ्यात का तडकतात, हे शोधायला त्यानं जळगाव-धुळ्याच्या शिवारांत वर्षानुवर्षं पायपीट केलेली. पण साहेबांना ओळींत दुप्पट अंतर हवं, आकृत्या ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं हव्यात, तक्ते वेगळ्या पानांवर हवेत. नखरे तरी किती!

देवचंद तेव्हा जळगावात मेहरूणच्या घरी अंथरुणाला खिळला होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. "चुडामण," तो कॉलेजातल्या आपल्या सोबत्याला म्हणाला, "तू नीट करून पाठव रे. छापून आलेलं माझं नाव एकदा आबांच्या हातात ठेवायचंय." आबा म्हणजे त्याचे वडील, निंबा बैसाणे. धुळ्याजवळ सोनगीरला राहायचे. दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांनी या एकुलत्या एका पोराला इंजिनियर केलं होतं.

चुडामणनं मग जीव ओतला. कॉलेज सुटलं की टाइपरायटरपुढे बसायचा. चूक झाली तर खाडाखोड नाही, अख्खं पान पुन्हा. आकृत्या तर त्यानं श्वास रोखून काढल्या. शेवटी राहिलं पहिलं पान. लेखकाचं पूर्ण नाव लिहा, असा नियम. त्यात विचार तो काय करायचा? शाळेच्या दाखल्यापासून कॉलेजच्या हजेरीपर्यंत आपल्याकडे लिहितात तसंच त्यानं ऐटीत टाइप केलं: बैसाणे देवचंद निंबा. आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी बापाचं.

लेख स्वीकारल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात देवचंद गेला. निदान कळून तरी गेले, असं त्याची बायको मंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

अंक आला. चुडामणनं पान उघडलं. मासिकवाले शेवटचा शब्द आडनाव धरतात आणि आधीच्या शब्दांची नुसती आद्याक्षरं ठेवतात. छापलं होतं: बी. डी. निंबा. अरे देवा! देवचंद त्यात कुठेच नव्हता. चुडामणनं तातडीनं पत्र टाकलं. तुम्ही दिलं त्यावरूनच छापलंय, असं कोरडं उत्तर आलं.

सोनगीरला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आबांना वाचता येत नव्हतं, त्यातून हे इंग्रजी. बोट ठेवून 'हा बघा देवचंद' म्हटलं असतं तर कोण पकडणार होतं? एसटीत बसल्या बसल्या त्यानं तेच ठरवून टाकलं होतं.

आबांनी धोतराला हात पुसले, अंक मांडीवर घेतला आणि अहिराणीत विचारलं, "भाऊ, मना देवचंदनं नाव कोठे शे?"

चुडामणला खोटं बोलवेना. "आबा, माझ्या हातून चूक झाली. मी नाव आपल्या पद्धतीनं लिहिलं आणि त्यांनी भलतंच छापलं. इथं त्याचं नाही, तुमचं नाव आलंय. निंबा." त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

आता चिडतील, शिव्या देतील, दिल्या तर बरंच होईल, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्यानं त्या काळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चुडामणचा हात धरला.

"मनं नाव कसाले, भाऊ?" ते म्हणाले. "मी ते जित्ता शे ना."