काळे पडलेले प्लग

हिराबाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती चालू करता येत होती. शेवटच्या आजारपणात नवऱ्याने, सखारामने, तेवढंच शिकवलं होतं. चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, थोडा वेळ घुरघुरू द्यायची आणि बंद करायची. "रोज चालू करत जा, न्हाईतर बसंल ती," म्हणाला, आणि आठवड्याभरात स्वतःच गेला.

त्याला वर्ष झालं. इंदुरी गावातल्या त्यांच्या अंगणात हिराबाईंनी एक सकाळ चुकवली नाही. आधी गाडी, मग चहा. पेट्रोल कॅनमधून आणवायच्या. शेजारी धुराने खोकत खिडक्या लावून घ्यायचे, पण बाईला बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर, तो आवाज झाला की सखाराम कामावर निघालाय असं त्यांना घटकाभर वाटायचं.

या सोमवारी गाडी चालूच होईना. पुण्याहून लेक अनघा फोनवर म्हणाली, "आई, रविवारी भंगारवाल्याला पाठवते. किती दिवस कवटाळून बसणार आहेस?" फोन ठेवून हिराबाई ढसाढसा रडल्या. जाता जाता त्याने एकच काम सांगितलं होतं, तेही आपल्याला धड जमलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं.

शनिवारी हिराबाईंनी नथू मिस्त्रीला बोलावून घेतलं. ही जुनी कार्बोरेटरची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातची. त्याने चारही प्लग खोलून ओट्यावर मांडले. सगळे काळेकुट्ट.

"इंजिन गेलं का हो, नथूभाऊ?" हिराबाईंनी कसंबसं विचारलं.

नथूने एका प्लगवरून बोट फिरवलं. तव्याच्या बुडासारखी कोरडी काजळी बोटाला लागली. "तेलकट असतं तर गेलं म्हनलो असतो. ही निस्ती काजळी हाय. वहिनी, चोक आत कवा सारता?"

"आत?"

नथूने हातातला प्लग ओट्यावर ठेवला.

"चोक ओढला की पेट्रोल लय जातं," तो हळूच म्हणाला. "थंड इंजिनाला तेवढं लागतं. तापली की चोक आत सारायचा अन् पळवायची तिला. तुमी रोज पेट्रोल पाजलं, पन गरम हुऊच दिली न्हाई. समदी काजळी प्लगवर बसली."

"म्हंजी मीच मारली तिला."

"न्हाई ओ. त्यानंच तुमाला अर्धं सांगितलं."

"पुरं सांगायला दम कुटं उरलावता त्यांच्यात," हिराबाई म्हणाल्या.

नथूने प्लग पेट्रोलने धुतले, तारेच्या ब्रशने घासले, एकेक इंजिनाला टेकवून ठिणगी बघितली. गाडी चालू झाली, रोजच्यासारखीच घसा खाकरत. तो ती तापवायला पुलापलीकडे, तळेगावच्या रस्त्याला घेऊन गेला. गाडीच्या रिकाम्या जागेत हिराबाई खाट ओढून बसल्या. सखाराम लोणावळ्याला पर्यटक फिरवायला गेला की दिवसभर खाट तिथेच असायची.

बऱ्याच वेळाने गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. तापलेल्या गाडीचा, मऊ, एकसारखा. हिराबाई ताडकन उठल्या आणि गाडीला वाट करून द्यायला खाट भिंतीकडे ओढली. पदर सारखा केला.

गाडी अंगणात शिरली. दार उघडलं आणि नथू उतरला.

हिराबाई खाटेवर बसल्या. "हा त्यांचा घरी यायचा आवाज," त्या म्हणाल्या. "वरीसभर मी त्यांना निस्तं जाताना ऐकत व्हते."

"आता रोज ऐका की, वहिनी. चोक तेवढा आत सारायचा."

"नको. तुमी घेऊन जा ती. चालवा, पळवा, पन हितं आनू नका." त्यांनी पदराने डोळे पुसले. "जातानाचं ऐकून सोसलं मी. येताना ऐकून दुसरं कुनी उतरलेलं न्हाई सोसत."

नथूने बरंच समजावलं, पण व्यर्थ. शेवटी तो गाडी घेऊन गेला. आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता. मग हिराबाई उठल्या आणि खाट पुन्हा अंगणाच्या मधोमध ओढून ठेवली.