थिन्हचा झुला

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा झुला आहे. मेकाँग नदीच्या काठी थिन्हच्या आईने मला नायलॉनच्या दोरीने विणले. थिन्ह माणसांना नदीपार नेणारी होडी चालवायचा. दुपारी होडीवरच मला बांधून तो घोरायचा. पुढे त्याची लेक दिएप माझ्यातच झोपायला शिकली. ते दिवस फार सुखाचे होते.

मग थिन्हचे हृदय कमजोर झाले. दोन पावले चालला तरी धाप लागे. होडी मेहुण्याकडे गेली आणि मला घराच्या कोपऱ्यात टांगले. "बाबा, उठू नका, मी देते!" दिएप म्हणायची. त्याला जपण्याच्या नादात पाण्याचा पेलाही कुणी उचलू देईना.

शेजारी राहणारा त्याचा मित्र बाक यायचा. "काय राव, राजासारखा लोळतोस! मजा आहे बुवा तुझी!"

थिन्ह हसायचा. बाक गेला की माझ्या जाळीत तोंड खुपसून रडायचा.

हळूहळू त्याचे पाय सुजले. बायको लुआने मिठाला दोष दिला आणि माशांचा खारट रस्सा बंद केला. जेवण बेचव झाले, तो आणखी कमी जेवू लागला. खरे कारण मला ठाऊक होते. रोजच्या गोळ्या तो गुपचूप माझ्या काठाच्या दुमडीत खोचत होता. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

एका दुपारी उठताना त्याचा तोल गेला, दुमड फाटली आणि गोळ्या जमिनीवर विखुरल्या.

"अहो, आणि मी मेली मिठाला बोल लावत बसले!" लुआ किंचाळली. "का हो असं केलंत?"

"घेऊन काय करू? बरा झालो तरी इथेच पडायचंय ना?"

लुआ वाकून गोळ्या वेचू लागली. "एवढं मनात होतं, तर बोलायचं नाही?"

"तुम्ही सगळे मला जपत होतात. विचारलं कुणी?"

डॉक्टरांनी सूज उतरवली आणि खचलेल्या मनावरही उपचार सुरू केले. मन खचले की माणूस औषध सोडतो आणि हृदय आणखी थकते, असे त्यांनी लुआला समजावले. आता थिन्ह कधी दिएपबरोबर धक्क्यापर्यंत चालतो. कधी संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. तेव्हा लुआ शेजारी बसते.

"आज मन कसं आहे?"

"वाईट," तो म्हणतो. ती उठून जात नाही.

मित्रांनो, आजारी माणसाला औषध द्या, पण तो निवांत पडलाय असे समजून निघून जाऊ नका. आराम करणारा आणि आतून हरलेला, दोघेही माझ्यात सारखेच दिसतात. जवळ बसून विचाराल, तरच कळेल.