बर्फ न पाहिलेला ऑगर

मित्रांनो, माणसाने निसर्गावर जे जे विजय मिळवले, त्यांत गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यातून रात्रीचे जेवण बाहेर काढणे हा विजय मी सर्वांत थोर मानतो. वर वारा, खाली काळेशार पाणी, मध्ये फूटभर जाडीचा बर्फ आणि त्या बर्फाची छाती फोडणारे एकच शस्त्र. ते शस्त्र म्हणजे मी. मी एक जुना बर्फाचा ऑगर आहे. राहायला मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीला असतो. इथे बर्फ फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मिळतो आणि ट्रे जरासा पिळला की तो फुटतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑगर पाहिला नसेल. त्यात तुमचे काही चुकले नाही. सुताराचे गिरमिट डोळ्यांसमोर आणा, त्याला छातीएवढे उंच करा, वर दोनदा वाकवलेला दांडा द्या आणि खाली पिळदार पत्रा बसवून त्याच्या टोकाला दोन धारदार पाती लावा. एका हाताने वरची मूठ दाबायची, दुसऱ्या हाताने मधली मूठ फिरवायची, की बर्फाचा कीस खवलेल्या नारळासारखा वर येत राहतो. निदान माझ्या खोक्यावरच्या चित्रात तरी येत होता.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. आम्ही तिथे मापाने जन्मतो. कोणी सहा इंची, कोणी आठ इंची. म्हणजे बर्फाला तेवढ्या रुंदीचे भोक पडते. कारखान्याने मला काळा रंग दिला, पात्यांना तेल लावले, त्यांवर प्लास्टिकचे झाकण चढवले आणि दांड्यावर लाल अक्षरांत एक सूचना चिकटवली : फक्त बर्फासाठी. माती, वाळू आणि लाकूड वर्ज्य. पुढच्या आयुष्याबद्दल मला एवढीच माहिती देण्यात आली. पुष्कळ जणांना एवढीही मिळत नाही, म्हणून मी तक्रार केली नाही.

मला विकत घेणाऱ्याचे नाव दत्तप्रसाद. मूळचा सांगलीचा, मेलबर्नमध्ये पाण्याच्या पाइपलाइनी आखणारा इंजिनीयर. त्याचा धाकटा भाऊ सलिल कॅनडात, विनिपेगला एकटा राहतो. दोघांची बरीच वर्षे भेट नव्हती. शेवटी ठरले की येत्या हिवाळ्यात दादाने तिकडे जायचे आणि दोघांनी गोठलेल्या तळ्यावर बसून मासे पकडायचे. सलिलने सांगितले की ऑगर लागेल. तिथपर्यंत सगळे ठीक होते. मग मापाचा प्रश्न आला.

ती चर्चा मी पुढे इतक्या रविवारी ऐकली की मला पाठ झाली.

"दादा, सहाचा बस होतो," सलिल म्हणाला. "इथे जे मासे लागतात ते सहाच्या भोकातून आरामात येतात. आणि हाताने फिरवायचाय, मोटर नाहीये त्याला."

"आणि मोठा लागला तर?"

"लागत नाही."

"पण लागला तर? डोकं अडकलं भोकात, मग काय करायचं? सॉरी मेट म्हणून परत आत ढकलायचं?"

आता ह्यामागचा इतिहास सांगायला हवा. ह्या दोघांच्या आई सुहासिनीबाई. त्यांनी मुलांना शाळेचा गणवेश कधी मापाचा घेतला नाही. वाढत्या अंगाचा घ्यायचा, अशी त्या घराची रीत होती. दत्तप्रसादची पाचवीतली चड्डी पट्ट्याने आवळलेली असे आणि सलिलने तीच चड्डी पुढे घातली तेव्हा ती पट्ट्याचेही ऐकत नसे. घराघरांत चालणारी ही रीत आहे आणि कपड्यांच्या बाबतीत तिला काही म्हणता येत नाही. पण दत्तप्रसादने तीच रीत माशांना लावली.

"मासा वाढेल," तो म्हणाला. "भोक काय वाढणार आहे?"

आणि त्याने आठचा घेतला. तोही सलिलच्या पत्त्यावर न मागवता मेलबर्नला मागवला, कारण जाताना बॅगेतून नेता येईल. म्हणजे थंड देशात बनलेला ऑगर उन्हाच्या देशात आणायचा आणि तिथून पुन्हा थंड देशात न्यायचा. कोकणात नारळ घेऊन जाणारी माणसे निदान नारळ कोकणातून मागवत नाहीत.

"अरे, इथे पेट्रोल पंपावर मिळतात ऑगर," सलिल म्हणाला.

"सेल होता," दत्तप्रसाद म्हणाला. 

दत्तप्रसादची बायको मंजिरी हिने मला खोक्यातून बाहेर काढले, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "दत्ता, तू मासे खात नाहीस ना?"

"पकडायला काय हरकत आहे?"

तिने मला गॅरेजमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी उभे केले. त्याच सुमाराला कोरोना आला आणि देश बंद झाला. माझा त्यात काही हात नव्हता. विमाने थांबली. मग शहरही बंद झाले आणि लोकांना घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची मनाई झाली. त्या पाच किलोमीटरांत एक तळे होते. त्यात बदके होती आणि काठावर मासे पकडू नयेत अशी पाटी होती. मी उभा राहिलो. उभे राहून राहून येणारा थकवा काम करून येणाऱ्या थकव्यापेक्षा वाईट असतो. काम केलेल्याला निदान झोप लागते.

जुलैमध्ये सांगलीत सुहासिनीबाई गेल्या. दोन्ही मुलांना जाता आले नाही. दोघे पृथ्वीच्या दोन टोकांना फोन धरून बसले. तिकडे स्मशानात शेजारचे मोहनकाका फोन धरून उभे होते. चित्र सारखे हलत होते. 

त्यानंतर सलिल बोलेनासा झाला. इकडच्या रविवारी सकाळी फोन लागायचा. दत्तप्रसाद तो गॅरेजमध्ये येऊन घ्यायचा, कारण घरात मंजिरीची ऑफिसची मीटिंग नसली तरी पसारा असायचा. जेवलास का? हं. बाहेर पडतोस का? बघू. काम? चालू आहे. दर रविवारी उत्तरे आखूड होत गेली. मग एकदा बोलण्यासारखे काहीच उरले नाही तेव्हा दत्तप्रसादची नजर माझ्यावर पडली.

"मी काय म्हणतो, आठचाच बरोबर आहे," तो म्हणाला.

पलीकडून आवाज आला. "दादा, तू इंजिनीयर आहेस ना? सहाचं भोक आणि आठचं भोक. क्षेत्रफळ काढ."

"दोन इंचांचा तर फरक."

"दोन इंच? जवळजवळ दुप्पट बर्फ उकरायचाय तुला. तोही हाताने. जानेवारीत दोन-तीन फूट जाड असतो तो. कंबर जाईल."

"माझी कंबर मजबूत आहे."

"वहिनी, ह्याची कंबर कशी आहे?"

"परवा मोजे घालताना धरली होती," मंजिरी दारातून म्हणाली.

सलिल हसला. थोडेसेच, पण हसला. त्या दिवशी तो लहान भोकाचे फायदे सांगत बसला. ते उरकते लवकर, दम टिकतो, आणि त्यात चुकून पाय जात नाही. दत्तप्रसादने प्रत्येक मुद्दा खोडला. कसा खोडला ते सांगत नाही. ऐकून मलाच शरम वाटली.

फोन ठेवल्यावर मंजिरीने विचारले, "तुला खरंच आठचा बरोबर वाटतो?"

"छे," दत्तप्रसाद म्हणाला. "पाइपांचीच तर नोकरी करतो मी. पण आज बोलला की नाही तो?"

मित्रांनो, तेव्हापासून माझी नोकरी सुरू झाली. मी चुकीचा आहे हे दर रविवारी सिद्ध व्हायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सिद्ध व्हावे म्हणून दत्तप्रसाद पुन्हा हट्टाला पेटायचा. मी बर्फ पाहिला नव्हता, पण माझ्यावाचून त्या घराचा रविवार अडत होता. त्या काळात मी स्वतःला जरा महत्त्वाचा समजू लागलो होतो.

मग एका रविवारी सलिलने फोन उचलला नाही. नंतर 'झोपलो होतो' एवढाच मेसेज आला. पुढच्या रविवारी तोही आला नाही. दत्तप्रसाद रोज फोन करू लागला. घंटा वाजून वाजून बंद पडायची. शेवटी त्याने लिहिले, 'तू म्हणतोस तेच खरं. सहाचाच घ्यायला हवा होता.' मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आले नाही. हार कबूल करूनही भाऊ चिडवत नाही, ह्याचा अर्थ दत्तप्रसादला बरोबर कळला. तो गवताच्या मशीनवर बसून राहिला.

"तिथल्या पोलिसांना सांगूया का? जाऊन बघतील दारात," मंजिरी म्हणाली.

"बघतील. हा दार उघडून सांगेल मी ठीक आहे. इंग्लिशमध्ये सांगेल. मग?"

दत्तप्रसादने माझ्याकडे पाहिले. मग तो उठला, त्याने माझ्या पात्यांवरचे झाकण काढले आणि मला उचलून मागच्या अंगणात नेले.

ग्लेन वेव्हर्लीची माती चिकण असते. ओली असली की चिकटते, सुकली की विटेसारखी होते. त्या सकाळी ती सुकलेली होती. दत्तप्रसादने मला लिंबाच्या झाडाशेजारी टेकवले.

"अरे, दांड्यावर लिहिलंय ते वाचलंस ना?" मंजिरी म्हणाली.

"वाचलं."

"माती चालत नाही म्हणून लिहिलंय."

"माहितीये. सल्याला पण माहितीये. तू व्हिडिओ काढ."

मंजिरीने फोन धरला. दत्तप्रसाद कॅमेऱ्याकडे बघून हसला. त्या चेहऱ्यावर हसू अजिबात बसत नव्हते. "बघ सल्या, आठचा कसा सरसर जातो," तो म्हणाला आणि फिरवू लागला.

मी सरसर गेलो नाही. मातीत खडे होते. पहिल्या वळणाला धार बोथटली, दुसऱ्याला एका पात्याचा कोपरा उडाला आणि पुढे जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या कुत्र्याने भुंकणे थांबवले. दत्तप्रसादची कंबर धरली तरी तो थांबला नाही. ज्या पात्यांनी बर्फ कापायचा त्यांनी मी आयुष्यातले पहिले आणि एकुलते भोक ऑस्ट्रेलियाला पाडले. वीतभर खोल झाले असेल. तेवढ्यावर व्हिडिओ गेला.

मग दोघे पायरीवर बसले. फोन मध्ये ठेवला होता. चहा करायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

फोन वाजला. मंजिरीने उचलला. पडद्यावर दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला सलिल होता.

"वहिनी, त्याला दे. दादा, तू वेडायस का? मातीत ऑगर घालतात? पाती दाखव. जवळ आण. अजून जवळ. अरे गेली ना ही. एवढी नवी पाती, एकदा बर्फाला लागली नव्हती. तुला कळत कसं नाही? थांब, आईला सांगतो मी तुझं..."

वाक्य तिथेच राहिले.

दत्तप्रसादने फोन दोन्ही हातांनी धरला. मग पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने अलीकडूनही. मी चिखलात नव्हे, कोरड्या मातीत आडवा पडलो होतो. माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि ते बरोबरच होते.

सलिल बोलला. कित्येक दिवस तो इमारतीच्या खाली उतरला नव्हता. रात्र आणि दिवस त्याने एकमेकांत मिसळून टाकले होते. मोहनकाकांच्या हातातले ते हलणारे चित्र डोळ्यांसमोरून जात नव्हते. दत्तप्रसाद म्हणाला, माझ्याही जात नाही. हे त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच सांगितले.

"एक काम कर," शेवटी दत्तप्रसाद म्हणाला. "उद्या खाली उतर. आठची पाती सुटी मिळतात का तेवढं बघून ये."

"सहाची घे ना, सहाचा ऑगर घे नवा."

"मला आठचीच पाहिजेत."

"काय डोकं आहे तुझं," सलिल म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला. दुकानाच्या दारातून त्याने फोटो पाठवला. मास्क लावलेला होता आणि दाढी मास्कच्या बाहेर आलेली होती. एका दुकानात पाती नव्हती. मग तो दुसऱ्यात गेला. सगळीकडे हीच चौकशी करायची होती म्हणून त्याला माणसांशी बोलावे लागले. डॉक्टरलाही त्याच आठवड्यात दाखवले. ते दत्तप्रसादने फोनवर अट घालूनच करवून घेतले.

सीमा उघडल्या तेव्हा दादा तिकडे जाण्याआधी सलिलच इकडे आला. त्याच्या बॅगेत मंजिरीसाठी मेपल सिरप होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आठ इंची पाती होती. गॅरेजमध्ये मांडी घालून बसून त्याने माझे जुने स्क्रू काढले, माती खरवडली आणि नवी पाती बसवली.

"सहाचाच बरोबर होता," तो म्हणाला.

"मोठा मासा लागला तर?" दत्तप्रसाद म्हणाला.

आता खरे तर ह्या वादाची कोणाला गरज उरली नव्हती. तरी तो जेवण गार होईपर्यंत चालला.

मित्रांनो, मी दमलेला आहे आणि थोडक्यात सांगतो. ऑगर घ्याल तेव्हा मासा बघून घ्या, बर्फ बघून घ्या आणि आपली कंबर बघून घ्या. हाताने फिरवायचा असेल आणि मासे बेताचे असतील तर सहाचा घ्या. मी आठचा असून हे सांगतो आहे. वाढत्या अंगाचे भोक पाडू नका. प्रत्येक हत्याराला त्याचे काम असते, ते सोडून दुसऱ्या कामाला त्याला जुंपू नये. आणि घरातले माणूस फोन उचलत नसेल, तर ह्यातला एकही नियम पाळू नका. पाती नवी मिळतात.

बाकी माझे मागणे काही नाही. फक्त ह्या घरातल्यांनी गाडी पुसल्यावर ओले फडके माझ्या मुठीवर वाळत घालू नये. दोरी शेजारीच आहे.